किल्ल्यावर नसलेला शत्रू

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक स्मरणरंजनाच्या अंगाने. चिखलाने माखलेले हात, अळिवाचे कोवळे हिरवे कोंब, आईची ओरड आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असा एक सुस्कारा. या लेखनात गैर काही नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट कायम नजरेआड राहते. हा किल्ला इतिहासाविषयी काही विधान करत असतो. जमीन कशी होती, तिच्यावर कोण उभे होते, कोणाकडून पाहिले असता ती कशी दिसत होती, यांविषयी तो बोलत असतो. बखर किंवा ऐतिहासिक कादंबरी आपण ज्या चिकित्सेने वाचतो, तिच्या दशांश चिकित्सेनेही आपण किल्ला वाचत नाही. येथे तो तसा वाचून पाहण्याचा विचार आहे.

पुण्याच्या दक्षिणेला बिबवेवाडीत आश्विनाच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी एक फेरी मारावी. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्ल्यांपासून वर अप्पर इंदिरानगरच्या चढापर्यंत, सोसायट्यांच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ले उभे असतात. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवून पसरलेले पोते, वरून लाल मातीचा लेप. नारळाची करवंटी म्हणजे विहीर, काड्यापेट्यांच्या पायऱ्या, सलाइनच्या नळीचे कारंजे, आणि एका गुहेत हमखास वाघ. पूर्वी माती टेकडीवरून खणून आणीत; आता ती नर्सरीतून पोत्याने विकत येते. काही ठिकाणी तर अख्खा किल्लाच तयार मिळतो. तो मातीत हात न घालता मांडता येतो आणि भाऊबिजेनंतर माळ्यावरही टाकता येतो.

या किल्ल्यावर जी छोटी रंगीत माणसे मांडतात त्यांना पुण्यात 'चित्रे' म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पुतळे नव्हे, खेळणी नव्हे, चित्रे. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणि रस्त्यावरच्या दुकानांतून ती आणायची आणि मग त्यांची श्रेणी लावायची. सर्वांत वर सिंहासनावर वीतभर उंचीचे शिवाजी महाराज. दोन बाजूंना भालदार. खालच्या बुरुजांवर चार-चार बोटांचे मावळे. पायथ्याशी गवळण, शेतकरी, कुस्ती खेळणारे पैलवान आणि कोणाच्या तरी लाडक्या मागणीवरून एक पोलीस. गवळण बऱ्याचदा महादरवाजापेक्षा उंच असते. पाश्चात्त्य पद्धतीच्या प्रतिकृतीत ही चूक ठरेल. पण ही चूक नव्हे, ही दुसरी दृष्टी आहे. ज्याचे महत्त्व मोठे त्याचा देह मोठा, हा आपल्या शिल्पांतला आणि पोथीचित्रांतला जुना संकेत येथे बारा वर्षांचे पोर कोणी न शिकवता पाळत असते.

आता या सगळ्या मांडणीत काय नाही ते पाहा. तटावर तोफा असतात. त्या रोखलेल्या असतात पार्किंगमधल्या स्कूटरींवर. पहारेकरी असतात, पण कोणाच्या विरुद्ध, हे कळत नाही. वेढा नाही, मोर्चे नाहीत, समोरच्या टेकडीवर पडलेली छावणी नाही. किल्ला ही वस्तू मुळात शत्रूसाठी बांधलेली. आणि आपल्या किल्ल्यावर शत्रू तेवढा नसतो. अपवाद आहेत. प्रतापगड करणारी मुले खानाचा शामियाना उभारतात, आणि पुण्यातील इतिहासप्रेमी मंडळासारख्या संस्था दिवाळीत एखाद्या लढाईचीच मोठी प्रतिकृती निवेदनासह मांडतात. पण हे अपवाद मोठ्यांनी समजून-उमजून केलेले. गल्लीतला किल्ला हा राज्याभिषेकाचा किल्ला असतो. युद्ध संपलेले असते, विजय झालेला असतो, दरबार भरलेला असतो.

जुन्या मराठी गद्याची वृत्ती अशी नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला लिहिली, राज्य मोडून पडण्याच्या बेतात असताना. तरी अफझलखानाच्या प्रकरणात तो वाचकाला आधी विजापूरच्या दरबारात नेतो, खानाला विडा उचलू देतो, त्याच्या तोंडी बोलणे घालतो. प्रतिपक्षाला आवाज दिल्याशिवाय आपल्या नायकाचे धैर्य मोजता येत नाही, हे त्या बखरकाराला पक्के ठाऊक होते. हा आवाज दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत येताना कोठे गळून पडला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याहून नवलाची गोष्ट रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्राची. १७१६च्या सुमाराच्या या ग्रंथातले दुर्गप्रकरण मराठीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमात एकदा तरी चाळलेले असते, आणि ते 'गद्यशैलीचा नमुना' म्हणून वाचून मिटलेले असते. ते प्रकरण पुन्हा काढून पाहावे. त्यातले जवळजवळ प्रत्येक कलम शत्रूच्या डोळ्यांनी लिहिलेले आहे. जागा निवडताना प्रथम पाणी पाहावे. नसेल आणि जागा तर आवश्यकच असेल, तर खडक फोडून टाकी करावीत. किल्ल्याला एकच दरवाजा हा दोष मानावा. एक-दोन अधिक असावेत, शिवाय चोरदिंड्या. दरवाजा खालून दिसू नये अशा बेताने बुरुजांच्या आड घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गडासमोर दुसरा डोंगर नसावा. असला तर सुरुंग लावून तो कमी करावा. तेही अशक्य असेल तर तो डोंगरच बांधून काढावा. अमात्य तटावर उभा राहून बाहेर पाहत नाही. तो मनाने गड उतरतो, समोरच्या डोंगरावर जातो, तेथे तोफ चढवतो आणि मग वळून आपल्याच गडाकडे पाहतो.

हे तत्त्व त्याला कोठून सुचले असेल हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. १६६५च्या उन्हाळ्यात मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरला भिडले तेव्हा त्यांनी प्रथम शेजारचा वज्रगड घेतला. मध्ये केवळ भैरवखिंड. एप्रिलच्या मध्यावर वज्रगड पडला आणि पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात आली. मुरारबाजी देशपांडे पडले, आणि जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. पुढे मार्च १८१८मध्ये इंग्रजांनी वज्रगडावरच प्रथम बस्तान बसवले, आणि पुरंदर पुन्हा एकदा हाती देण्यावाचून किल्लेदाराला गत्यंतर राहिले नाही. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन निरनिराळ्या शत्रूंना त्या जमिनीने एकच वाट दाखवली. म्हणजे पुरंदरची प्रतिकृती करायची आणि जागा पुरत नाही म्हणून वज्रगड गाळायचा, तर मग उरते ती एका डोंगराची प्रतिकृती, पुरंदरची नव्हे. आणि मोगलांना हा डोंगर कसा दिसला, याची साधनेही आपल्यापाशी आहेत. मिर्झाराजाची या मोहिमेतली पत्रे त्याचा मुनशी उदयराज याच्या 'हफ्त अंजुमन' या संग्रहात राहिली आहेत.

आता थोडे युरोपात जायला हवे. कारण जमिनीची छोटी प्रतिकृती करून तिच्यावर दोन बाजू समोरासमोर बसवण्याचा खेळ पद्धतशीरपणे तिकडे रूढ झाला. १८१२ साली फोन राइस्विट्झ नावाच्या प्रशियन मुलकी अधिकाऱ्याने आपल्या राजाला एक टेबल नजर केले. त्याच्या खणांत प्लास्टरचे रंगवलेले चौकोनी तुकडे होते: कशावर नदीचे वळण, कशावर गाव, कशावर टेकडीचा उतार. ते हवे तसे जुळवून हवी ती जमीन तयार करता येई. पुढे त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४मध्ये खेळाचे नियम छापले आणि टेबलाच्या जागी नकाशा आणला. पण त्याने घातलेली खरी भर वेगळीच होती. खेळात एक पंच बसवला, आणि दोन्ही खेळाडूंना एकमेकांचे सैन्य पुरते दिसणार नाही अशी व्यवस्था केली. शत्रू जेवढा हेरांना दिसेल तेवढाच कागदावर यायचा. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांना हे शिक्षणाचे साधन वाटले, आणि तेथून ही रीत जगभरच्या सैन्यांत पसरली. आपल्या लष्करात हल्ल्याआधी वाळू-मातीत प्रदेश उभा करून त्यावर चर्चा करतात, त्याला 'सँड मॉडेल' म्हणतात. म्हणजे वानवडी-कोंढव्याच्या लष्करी हद्दीत आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत ज्यांचे आयुष्य जाते त्यांना मातीच्या डोंगराचा हा उपयोग नवा नाही. बिबवेवाडीतला दिवाळीचा किल्ला आणि तिथून पाच-सात किलोमीटरवरचे सँड मॉडेल, दोन्हींची सामग्री तीच. एकाला समोरची बाजू असते, दुसऱ्याला नसते.

विल्यम सिबॉर्नची कथा मात्र थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे. या इंग्रज लेफ्टनंटकडे १८३०मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम आले. तो आठ महिने त्या रणभूमीवरच्या एका शेतघरात राहिला आणि त्याने सगळी जमीन मोजली. मग लढाईत वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कोठे होती? समोर शत्रूची कोणती तुकडी होती? आणि तुमच्या भोवतीच्या शेतात पीक कोणते उभे होते? हा तिसरा प्रश्न मला फार आवडतो. माणसभर उंचीच्या राईच्या पिकात सैनिकाला काय दिसते, यावर त्याची आठवण किती विश्वसनीय हे ठरते. उत्तरे शेकड्यांनी आली आणि एकमेकांशी जुळेनात. त्यांतून त्याने मैलाला नऊ फूट या प्रमाणात प्रतिकृती केली, सुमारे पंचाहत्तर हजार कथलाचे सैनिक तिच्यावर उभे केले आणि १८३८मध्ये ती लंडनमध्ये दाखवली.

अडचण प्रशियन सैन्याची झाली. सिबॉर्नने ते त्या क्षणी वेलिंग्टनच्या आठवणीपेक्षा पुष्कळच पुढे आलेले दाखवले होते. म्हणजे विजयातला प्रशियाचा वाटा वाढत होता आणि ड्यूकचा घटत होता. ड्यूकच्या गोटातून नापसंती पोचली. पुढे सिबॉर्नने हजारो प्रशियन पुतळे उचलले. प्रतिकृती आज लंडनच्या लष्करी संग्रहालयात आहे, प्रशियन कमी केलेल्या अवस्थेत. पुस्तकातला परिच्छेद वगळावा तसा इथे टेबलावरून एका सैन्याचा मोठा भाग वगळला गेला. लहानशा टेबलावर कोणाला कोठे उभे करायचे, हा प्रश्न हस्तकलेचा राहत नाही तो असा.

आपल्याकडे असे टेबल करायचे ठरवले तर पहिली लढाई कोणती घ्यावी? माझे उत्तर खडकीची, ५ नोव्हेंबर १८१७ची. कारणे दोन. एक म्हणजे ती बिबवेवाडीच्या शेजारच्या पर्वतीवरून दुसरा बाजीराव पाहत होता. दुसरे असे की तिचा एक वृत्तांत लिहिणारा माणूस स्वतः तेथे हजर होता. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६मध्ये आला. त्याच्या मतांवर आपण दीडशे वर्षे वाद घालत आहोत आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी गणेशखिंडीच्या बाजूने पेशव्यांचे सैन्य माळावर उतरताना त्याने जे पाहिले त्याचे वर्णन विरोधकानेही वाचावे असे आहे. खंबातच्या आखातात भरतीची लाट गर्जत आत शिरते तिची त्याला आठवण झाली. शत्रूच्या सैन्याला समुद्राची उपमा देणारा हा रुक्ष स्कॉच माणूस त्या एका परिच्छेदापुरता कवी झाला आहे.

टेबलाचे गणित साधे आहे. आठ बाय चारच्या प्लायमधून सहा बाय चारचा तुकडा कापावा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात तो कापूनही देतात. दोन हजारास एक हे प्रमाण धरले, तर सहा फुटांत साडेतीन किलोमीटरहून थोडी अधिक जमीन मावते. उत्तरेच्या कडेला मुळा नदी आणि खडकी, दक्षिणेच्या अंगाला गणेशखिंडीच्या टेकड्या, मध्ये उघडा माळ. ज्या परिसरात आज विद्यापीठ आहे आणि मराठीचे विद्यार्थी आज्ञापत्रावर टिपणे काढतात, तो या टेबलाच्या कडेलाच येतो. टेकड्यांसाठी थर्माकोल ही पहिली सूचना कोणीही करील; परंतु सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसेही आपल्याजवळ त्याहून जुनी युक्ती आहे. पुठ्ठ्याचे थर, त्यावर खळीत बुडवलेले कागद, त्यावर पोत्याचा तुकडा आणि गाळलेली माती. पोत्याच्या विणीमुळे माती सुकताना फुटत नाही हे दिवाळीच्या प्रत्येक कारागिराला माहीत असते.

उंचीचा मात्र मोह आवरावा लागतो. या प्रमाणात साठ मीटरची टेकडी अवघी तीन सेंटिमीटर भरते. हात आपोआप ती फूटभर करू पाहतो, कारण आपल्या हाताला किल्ल्याची सवय आहे. खडकीचा माळ हा जवळजवळ सपाट आहे. ज्याला त्या सपाटीत काही दिसत नाही त्याला ही लढाई समजणे कठीण, कारण ती सपाटीतल्या एका खोलगट जागेने फिरवली.

ग्रँट डफच्या आकड्यांनुसार कर्नल बरच्या हाताखाली सुमारे अठ्ठावीसशे लोक होते. पेशव्यांकडे अठरा हजार घोडदळ आणि आठ हजार पायदळ. शंभर माणसांस एक चित्र धरले तर एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला दोनशे साठ चित्रे मांडावी लागतात. ही मांडणी एकदा डोळ्यांनी पाहिली की पाठ्यपुस्तकातले 'इंग्रजांच्या कवायती फौजेपुढे' वगैरे वाक्य अपुरे वाटू लागते. इंग्रजांची सातवी पलटण, पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या दे पिंतोच्या पलटणीवर चालून जाताना, आपल्या रांगेतून पुढे निघून गेली. बापू गोखल्याने ती संधी साधली आणि निवडक घोडदळ जरीपटक्यासह तिच्यावर घातले. ही योजना उत्तम होती, वेळ अचूक होती. पण पलटणीच्या समोर एक दलदल होती आणि ती कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. पुढचे घोडे तिच्यात रुतले, मागचे त्यांच्यावर येऊन आदळले, आणि त्या गोंधळावर बंदुका चालल्या. मोरो दीक्षित याच लढाईत पडला. समोरच्या फौजेतला फोर्ड हा त्याचा स्नेही. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या कुटुंबांना सांभाळण्याचा शब्द दिला होता, ही हकिकतही ग्रँट डफनेच नोंदवली आहे. दिवसअखेर इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून शहाऐंशी, पेशव्यांचे पाचशे. सव्वीस हजारांच्या सैन्यात पाचशे म्हणजे सैन्य मोडण्याइतकी हानी नव्हे. एवढ्यावर एका राज्याचा शेवट सुरू व्हावा, हे टेबलावर पाहताना अधिकच खुपते.

आता प्रश्न असा, की ही दलदल टेबलावर दाखवायची कशी? दाखवली तर गोखल्यांच्या बाजूने खेळणारा तिला वळसा घालून जाईल. न दाखवली, तर ज्याने ग्रँट डफ वाचला आहे तो ती मनात धरूनच खेळेल. ऐतिहासिक कादंबरीकारापुढेही नेमका हाच पेच असतो. ना. सं. इनामदार 'मंत्रावेगळा' लिहितात तेव्हा बाजीरावाचा शेवट वाचकाला ठाऊक असतो. बाजीरावाला मात्र तो ठाऊक असता कामा नये. धाकट्या राइस्विट्झचा पंच येथे उपयोगी पडतो. माळावर तीन-चार जागा ठरवाव्यात, पंचाने चिठ्ठी काढून त्यांतली एक आपल्याशीच ठेवावी, आणि घोडदळ तेथे पोचेपर्यंत बोलू नये. लढाई मग जशी झाली तशी होणार नाही. पण त्या दुपारी गोखल्यांना जेवढे माहीत होते, तेवढेच खेळणाऱ्यालाही माहीत राहील. इतिहासाच्या पुस्तकात ही स्थिती अनुभवायला मिळणे फार दुर्मिळ.

जमिनीच्या अशा गुप्त खोल्या बिबवेवाडीकरांना तरी अपरिचित नसाव्यात. कात्रजहून निघून पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा असा येणारा आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांच्या वेळी बांध घालून अडवला गेला, पर्वतीखालचे तळे झाले. पुढे वस्ती वाढली आणि तो ओढा बहुतेकांच्या लेखी पुलाखालचा नाला उरला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याने आपली जुनी रुंदी परत घेतली आणि माणसे वाहून गेली.

पर्वती या टेबलावर येत नाही. ती खडकीच्या माळापासून साधारण सहा किलोमीटरवर, म्हणजे आपल्या प्रमाणात तीन मीटर दूर. मधल्या आकाराच्या सदनिकेत टेबल दिवाणखान्यात असेल तर बाजीराव स्वयंपाकघरात बसेल. मला हा योगायोग मार्मिक वाटतो. तेथून त्याला काय दिसले असेल? धूळ, धूर, आणि संगमावर पेटलेली रेसिडेन्सी, जिच्यात एल्फिन्स्टनची पुस्तके आणि कागदपत्रे जळत होती. सिबॉर्नने अधिकाऱ्यांना विचारले तसे बाजीरावाला कोणी विचारले असते, तुमच्या समोर पीक कोणते होते, तर त्याला काय उत्तर देता आले असते?

बाजीराव या टेकडीच्या आश्रयाला आला तो पहिल्यांदा नव्हे. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. यशवंतराव होळकराचे सैन्य पुण्याच्या पूर्वेला हडपसर, वानवडी, घोरपडीच्या माळावर उभे. समोर शिंदे आणि पेशवे यांची एकत्र फौज. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिले होते. सकाळी तोफा सुरू झाल्या. विजयाच्या खात्रीने लढाई पाहायला निघालेला पेशवा आवाज ऐकून दक्षिणेला, पर्वतीकडे वळला, असे ग्रँट डफ सांगतो. होळकराच्या घोडदळाने प्रथम माघार घेतली. मग यशवंतराव स्वतः पुढे झाला आणि त्याच्या हल्ल्याने शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. त्यांचा सेनानी कॅप्टन डॉज पडला, होळकराकडचा हार्डिंग पडला. पेशवा पर्वतीवरून वडगावमार्गे सिंहगडावर गेला, तेथून कोकणात, आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर त्याची मोहोर झाली. खडकीची लढाई हरण्याची तयारी खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

ही रणभूमी बिबवेवाडीपासून चार-पाच किलोमीटर. म्हणजे पुणेकरांच्या दारात दोन मोठ्या लढाया झाल्या. एक दिवाळीत, दुसरी दिवाळी चार दिवसांवर असताना. दोन्हींचे वृत्तांत उपलब्ध आहेत. यशवंतरावावर इनामदारांची 'झुंज' आहे आणि ती पुष्कळांनी वाचलेली आहे. तरी दिवाळीत या दोन्हींपैकी एकही कोणत्या गल्लीत उभी राहिलेली दिसत नाही. डोंगर नाही म्हणून, असे कोणी म्हणेल. कारण तेवढेच नसावे. खडकीच्या टेबलावर निदान समोर इंग्रज तरी आहे. हरलो तरी आपण कोण आणि ते कोण हे स्पष्ट आहे. हडपसरच्या टेबलावर सिंहासनाची जागाच सापडत नाही. वरच्या टोकाला कोणाला बसवायचे? पेशवा टेबलाबाहेर पर्वतीवर. दौलतराव शिंदे लढाईच्या वेळी उत्तरेत. ज्याच्या शौर्याने लढाई जिंकली तो यशवंतराव पुढे पुणे लुटतो. आणि वीतभर चित्र ठेवायला उंचवटा म्हणाल तर त्या परिसरात महादजींची छत्री आहे; तेही शिंदे, आणि त्यांना वारून आठच वर्षे झालेली.

या दुसऱ्या लढाईचे टेबल मला अधिक अवघड आणि म्हणून अधिक करण्यासारखे वाटते. आपल्याला परिचित असलेला गौरवाचा सगळा सराव येथे निरुपयोगी होतो. खेळायला दोघे लागतात आणि दोघांपैकी कोणालाही 'शत्रू व्हायला' सांगता येत नाही; होळकर घेणाऱ्याजवळ विठोजीचे कारण आहे, शिंदे घेणाऱ्याजवळ राजधानीच्या रक्षणाचे. पोरे ती वाटणी नाणे उडवून करतील. मोठ्यांना ते जमेल की नाही याविषयी मला शंका आहे. पाहणारा प्रत्येक जण आधी खेळणाऱ्याचे आडनाव विचारील.

चित्रांची अडचण त्याहून व्यावहारिक आहे. बाजारात मिळतो तो मावळा: अंगरखा, पागोटे, ढाल-तलवार. १८०२मधल्या कवायती पलटणीचा शिपाई, संगीन लावलेली बंदूक घेतलेला, कुंभारवाड्यात कोणी मागत नाही म्हणून कोणी करत नाही. मावळ्यांनाच रंगवून घ्यावे लागेल, ढाली खरवडून काड्यांच्या बंदुका चिकटवाव्या लागतील. पण दोन्हीकडे त्याच तऱ्हेच्या पलटणी, दोन्हीकडे युरोपियन अधिकारी, दोन्हीकडे तेच मराठे स्वार आणि भगवी निशाणे. अर्धा तास खेळ झाला आणि रांगा एकमेकींत मिसळल्या, की कोणते चित्र कोणाचे हे वरून पाहून सांगता येणार नाही. प्रत्येकाच्या पायाखालच्या लाकडी पट्टीवर, मागच्या बाजूने, पेन्सिलीने 'हो' किंवा 'शिं' लिहून ठेवावे लागेल.